ताटातली कार्डं

माझ्या मित्राचा फ्लेक्स लागला, त्या आठवड्यात मी ऑफिसला मागच्या रस्त्यानं जात होतो. मागचा रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. वाटेत टायरचं एक दुकान आहे, त्याचा रबरी वास दुपारपर्यंत शर्टातून जात नाही. पण त्या रस्त्यावर फ्लेक्स नव्हता.

फ्लेक्सवर तो गॉगल लावून, हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याकडे गॉगल नाही, तो छपाईवाल्यानं घातला होता. मागे पृथ्वीचा गोल आणि वर अक्षरं : 'जगाच्या संगणकात आपला माणूस'. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, वांग्याच्या वाफ्यासारखे एकमेकांना चिकटून. त्यातल्या एकालाही विचारलं असतं की यानं नक्की काय केलंय, तर उत्तर आलं नसतं. मला विचारलं असतं तर आलं असतं. मला कुणी विचारलं नाही.

केलं होतं ते असं. जगभरातले प्रोग्रामर मिळून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम लिहितात. तिच्यात त्यानं पाठवलेला छोटा बदल स्वीकारला गेला होता. त्यामुळे एका जातीच्या मेमरी कार्डावरचं वाचन जरा वेगानं व्हायला लागलं. बदल चांगला होता. काहीतरी चूक सापडेल या आशेनं मी तो पुन्हा पुन्हा वाचला, आणि सापडली नाही. गॉगल, पृथ्वी, शुभेच्छुक हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. त्या बदलावर मात्र हसता येईना.

आम्ही दोघं इंजिनिअरिंगला एका बाकावर होतो आणि आता शाहूपुरीतल्या एका लहान कंपनीत शेजारी शेजारी बसतो. माझं घर मास्तरांचं. वडील शाळेत, आई शाळेत, त्यामुळे लाल शाई माझ्या रक्तातच आहे. त्याचं घर जैन, कागलकडे शेती आणि शहरात दुकान. माणसांशी कसं बोलायचं हे तो गल्ल्यावर बसून शिकला, मी आईवडिलांना वह्या तपासताना बघून शिकलो. फरक पडतोच. सूर्य मावळायच्या आत जेवायची त्याची पद्धत आहे. त्यामुळे कुठल्याही समारंभातून तो वेळेत उठून जातो, आणि लोक म्हणतात, 'केवढा कामात असतो बघा.' मी शेवटपर्यंत बसतो, तेव्हा लोकांना वाटतं की याला दुसरं काम नसावं.

आमची कंपनी फाउंड्र्यांसाठी एक यंत्र बनवते. कागदोपत्री त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, आम्ही त्याला डबा म्हणतो. प्रत्येक भट्टीला एक डबा. भट्टीत लोखंड वितळलं, ओतलं, की त्या वेळचं तापमान डबा स्वतःच्या मेमरी कार्डावर लिहून ठेवतो. पुढे माल घेणारी कंपनी या नोंदी मागते. नोंदी नसल्या किंवा एका भट्टीच्या दुसरीत मिसळल्या, तर चांगलं ओतलेलं कास्टिंगही परत येतं. म्हणजे डबा फुटला तरी चालेल, कार्ड शाबूत राहिलं पाहिजे.

ऑपरेटिंग सिस्टीमला कार्डाशी थेट बोलता येत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. वरून हुकूम येतो, 'एवढं लिहून ठेव.' ड्रायव्हर तो कार्डाला समजेल अशा भाषेत सांगतो आणि कार्ड म्हणतं, 'झालं की!' बहुतेक वेळा झालेलं असतं. माझी नोकरी उरलेल्या वेळांची आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर? कार्ड 'झालं' म्हणालं आणि झालंच नसेल तर? शेवटच्या उरलेल्या जागेत अर्धीच नोंद मावत असेल तर? आमच्या धंद्यात याला एज केस म्हणतात. सहसा न घडणारं, आणि घडलंच तर सगळं घेऊन जाणारं असं काहीतरी. या कामाची गंमत अशी की ते नीट केलं तर काहीच घडत नाही. आणि न घडलेल्या गोष्टीचा फ्लेक्स काढता येत नाही. 'येथे नोंदी नष्ट झाल्या नाहीत, हार्दिक अभिनंदन' असं आजवर कुणी छापलेलं मी पाहिलं नाही.

भांडण झालं ते एका तपासणीवरून.

काम नसलं की डबा झोपतो. झोपताना कार्डाची वीज तोडतो, पण कार्डावर कुठे जागा मोकळी आहे, काय लिहायचं राहिलंय, हे स्वतःच्या डोक्यात ठेवतो. बटण दाबलं की उठतो आणि राहिलेलं लिहायला लागतो. मी त्यात एक पायरी घातली होती : उठल्यावर आधी कार्डाला त्याचा नंबर विचारायचा. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो, तो बदलता येत नाही. झोपण्याआधीचाच नंबर निघाला तर पुढे जायचं. वेगळा निघाला तर एक अक्षरही न लिहिता थांबायचं आणि पडद्यावर दाखवायचं : 'कार्ड जुळत नाही. काम थांबवले आहे.' कारण दुसरंच कार्ड असेल आणि डबा जुन्या आठवणीवर विसंबून लिहीत सुटला, तर दुसऱ्याच्या नोंदींवर नांगर फिरला म्हणून समजा.

अडचण एवढीच की स्वस्तातली कार्डं झोपेतून उठल्यावर पटकन उत्तर देत नाहीत. तेवढा वेळ पडदा काळा राहतो. कामगार पुन्हा बटण दाबतो, मग जोरात दाबतो, मग डब्याला थापट मारतो आणि फोन आम्हाला येतो.

मित्रानं ती पायरी काढून डबा चालवून दाखवला. बटणावर बोट टेकलं न टेकलं, तोच पडदा उजळला. आमचे मालक खूश झाले. मालक माणूस साधा, पण त्यांना प्रदर्शनात स्टॉल मांडायचा नाद आहे, आणि स्टॉलवर वेग दिसतो.

"ह्येच पायजे की!" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुझी ती तपासणी कशाला हाय मधी?"

मी सांगितलं.

"झोपलेल्या डब्यातलं कार्ड काढणार कोण?"

"कुणीही. चोर समजा."

"मग चोर ते परत घालंल कशाला?" मित्र म्हणाला आणि सगळं ऑफिस हसलं. त्याचं बोलणं बोचरं नव्हतं, तेवढंही समाधान त्यानं मला दिलं नाही. हसून झाल्यावर तोच म्हणाला, "पण मालक, हा उगाच काही घालत नाही. वेळ द्या त्याला."

मालकांनी वेळ दिला. आमच्याकडे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मुहूर्तावर निघते आणि त्या वर्षी दसऱ्याला निघणार होती. "दसऱ्यापर्यंत एक उदाहरण दाखव," मालक म्हणाले. "एकच. खरं घडलेलं. न्हायतर ती पायरी काढायची आणि परत विषय न्हाय."

प्रोग्राममधल्या माझ्या बाकी ओळी गेल्या असत्या तरी मी जेवलो असतो. पण ती पायरी मला बरोबर वाटत होती, आणि ती काढली जाणार होती त्याच्या वेगासाठी. नवरात्र सुरू झालं तसा मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करत सुटलो. तुमच्याकडे कधी कुणी कार्डं बदलली का? अदलाबदल झाली का? "छ्या, छ्या, तसलं न्हाय हो आमच्यात," असं सगळे अभिमानानं सांगायचे. तुमचं घर लुटलं का म्हणून दारोदार विचारत हिंडणाऱ्या माणसासारखी माझी अवस्था झाली होती, आणि कुणी लुटलं नाही म्हणाल्यावर मी खट्टू व्हायचो. शेजारच्या खुर्चीत तो नव्या आवृत्तीचं काम शीळ घालत करत होता. तो शीळसुद्धा सुरात घालतो.

खंडेनवमीला ऑफिसात पूजा होती. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा नांगर, आणि आमच्याकडे कीबोर्ड. माझ्या कीबोर्डाच्या फटींतून मागच्या वर्षीचं कुंकू अजून निघत होतं, म्हणून या वेळी मी त्यावर रुमाल टाकून बसलो होतो. मालक नारळ फोडून गावाकडे गेले होते. मित्र जागेवर नव्हता. कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीनं त्याला पूजेला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तिथले चारही डबे आम्ही दोघांनी मिळून बसवले होते. निमंत्रणपत्रिका एक आली होती.

पेढा तोंडात होता, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"भावा, चारी डबे बंद पडलेत."

"पडद्यावर काय आहे?"

"तुझंच. कार्ड जुळत नाही."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. फाउंड्रीची काळजी, नोंदींची काळजी हे सगळं नंतर आलं. आधी मनात एवढंच आलं की सापडलं. उदाहरण सापडलं, तेही मुदतीला एक दिवस उरला असताना, आणि बंद डब्यांपुढे उभा कोण, तर तोच.

मागून फाउंड्रीच्या मालकांचा आवाज येत होता. त्यांना फोनची गरज नव्हती, कागलहून नुसतं बोलले असते तरी शाहूपुरीत ऐकू आलं असतं. "पावणं जमल्यात, मुहूर्त करायचा हाय, आणि ह्यो डबा म्हणतोय काम थांबवलं! सणाच्या दिवशी असलं अभद्र लिवत्यात व्हय?"

"कार्डं कुणी काढली होती का, विचार," मी म्हणालो.

"विचारायला कशाला पाहिजे? मी ताट बघतोय ना." तो हसायला लागला. "देवापुढच्या ताटात पान्हे आहेत, कॅलिपर आहे, आणि कडेला कुंकवाचे चार चौकोनी डाग आहेत."

मागून फाउंड्रीमालक गरजले, "काढली की कार्डं! ताटात ठेवायला काढली! पान्ह्याची पूजा करायची आन् कार्डाची न्हाय? म्हैन्याचा सगळा माल त्यातच हाय म्हणून तुमीच सांगितल्यालं न्हवं?"

सांगितलं होतं खरं. डबे बसवताना आम्हीच बजावलं होतं की डब्यापेक्षा कार्डाला जपा, खरी लक्ष्मी त्यात आहे. त्यांनी जपलं. डबे झोपलेले असताना कार्डं काढली, हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आरती झाल्यावर धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत घातली. कुठलं कुठल्या डब्यातलं हे देवाला माहीत असणारच, म्हणून कुणी पाहिलं नाही. माझ्या डोक्यात चोर होता, वीज होती, उंदीर होता. भक्ती नव्हती.

"प्रत्येक कार्ड प्रत्येक डब्यात घालून बघ," मी सांगायला लागलो. "ज्या डब्यात..."

"तेच चाललंय," तो म्हणाला. "दोन लागलेसुद्धा. ठेवतो."

पुढचं मी व्हिडिओत पाहिलं. कुणीतरी ते मोबाइलवर काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं. तो डब्यापुढे उभा, डोक्याला फेटा, हातात कार्ड. पाहुणे गोल करून उभे. कार्ड घालतो, बटण दाबतो, 'जुळत नाही' येतं, लोक हळहळतात. काढतो, दुसरं घालतो, डबा टुंग करतो, पडदा हिरवा होतो, टाळ्या. गारुड्याच्या खेळाला एवढी गर्दी होत नसेल. मी अविश्वासातून लिहिलेल्या ओळींवर तो टाळ्या घेत होता, आणि तेही मनापासून, मजेत.

चौथा डबा सुरू झाल्यावर फाउंड्रीमालकांनी त्याला शाल दिली आणि माईकसमोर उभं केलं. मला वाटलं, आता तो विनयानं सगळं श्रेय घेईल आणि मला त्याचा निवांतपणे राग करता येईल. त्यानं तेही होऊ दिलं नाही. तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही. आज या कार्डांत तुमच्या सगळ्या नोंदी शाबूत आहेत, त्या ऑफिसात बसलेल्या माझ्या मित्रामुळे. ही तपासणी त्यानं घातली. मी तर ती काढायला निघालो होतो. माझं ऐकलं असतं, तर तुमच्या एका भट्टीच्या नोंदी दुसरीवर चढल्या असत्या आणि दिवाळीपर्यंत कुणाला कळलंही नसतं."

मग फाउंड्रीमालकांनी माईक ओढून घेतला. "बघा! ह्याला म्हणत्यात माणूस! चारचौघांत दुसऱ्याचं नाव घ्यायला काळीज लागतंय!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, आधीच्या चारही टाळ्यांपेक्षा मोठा. ग्रुपवर फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली. 'केवढं मोठं मन!' 'अशी माणसं दुर्मिळ!' माझं नाव त्यानं घेतलं होतं, घेतल्याबद्दलचं कौतुकही त्यालाच मिळत होतं. मीसुद्धा जोडलेले हात पाठवले. न पाठवून चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मालकांनी मला बोलावलं. "सापडलं की तुझं उदाहरण! ऱ्हाऊ दे ती पायरी." आणि जाता जाता म्हणाले, "त्यो एवढं सगळ्यांसमोर बोलला म्हटल्यावर आता काढायची कशी?"

म्हणजे पायरी राहिली. मी मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. मी जागेवर येऊन बसलो. मला जसा आनंद व्हायला हवा होता तसा झाला नाही, आणि त्याचं कारण शेजारच्या खुर्चीत बसून आपट्याची पानं वाटत होतं.

"सोनं घे लेका," तो म्हणाला. "आणि आवृत्ती दोन दिवस पुढे ढकलायला लावलीय मी. तुझ्या तपासणीत जरा हात घालू का? नंतर तूच तपास."

त्यानं हात घातला. बटण दाबलं की पडदा लगेच उजळतो, कामगाराला दिसतं की डबा जागा झाला. मागच्या मागे कार्डाला नंबर विचारला जातो आणि उत्तर येईपर्यंत लिहिणं तेवढं अडवून धरलेलं असतं. नव्या नोंदी मेमरीत रांगेत थांबतात. त्याचा वेग राहिला, माझी खात्रीही राहिली. वर त्यानं प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला भट्टीचा क्रमांक लिहून ठेवायची सोय केली आणि माझं वाक्य बदललं. आता पडद्यावर येतं : 'हे कार्ड तीन नंबर भट्टीचं आहे. तिथं घाला.'

मी दिवसभर त्या ओळी तपासल्या. माझी पायरी मला नीटच वाटत आली होती, आणि त्याची बघितल्यावर कळलं की मी फक्त दार लावलं होतं. त्यानं दारावर पाटी लावली, आलेल्या माणसाला पत्ता सांगितला. हे मला सुचायला हवं होतं. फेटा, शाल, फ्लेक्स त्याला खुशाल मिळोत, मला कधी नको होते. पण 'तिथं घाला' हे दोन शब्द माझे असते, तर मी त्याच्या फ्लेक्सखाली शुभेच्छुकांत गोल फोटो छापून घेतला असता.

संध्याकाळ व्हायच्या आत, तो जेवायला घरी निघता निघता, मला एक जागा सापडली. "नवं कोरं कार्ड घातलं तर?" मी म्हणालो. "त्यावर भट्टीचा नंबरच नसेल. मग पडद्यावर काय येईल?"

तो दारात थांबला. विचार केला. "आयला, ते राहिलंच की!" त्याचा चेहरा खरोखर उजळला. माझी चूक कुणी काढली तर माझा चेहरा तसा होत नाही. "बरं झालं बघितलंस. तूच घाल की ते. वाक्य पण तुझंच."

मी घातलं. बराच विचार करून, खोडून, पुन्हा लिहून. 'कार्ड कोरं आहे. आधी भट्टीचा क्रमांक द्या.' साधं, स्वच्छ वाक्य. आवृत्ती निघाली, गावोगावच्या फाउंड्र्यांतल्या डब्यांत गेली, आणि माझं वाक्य कुणाच्या तरी पडद्यावर येण्याची मी वाट बघू लागलो.

पुढच्याच महिन्यात त्यानं नवी पद्धत सुरू केली. कार्डं गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी इथेच त्यांवर भट्टीचा क्रमांक लिहायचा. उत्तम पद्धत आहे, मी विरोध करू शकलो नाही. त्यामुळे कोरं कार्ड आता कुठल्याच डब्यात जात नाही.

या वर्षी खंडेनवमीच्या आधी कागलहून फोन आला, तो मी उचलला. फाउंड्रीमालक होते. "कार्डं ताटात ठेवणार हाय बरं का, सांगून ठेवतो. आता काय भ्या न्हाय, डबा सोताच सांगतोय कुठं घाला ते. लई झ्याक लिवलंय. तुमी बी या की पूजेला, पावणं."

"येतो की," मी म्हणालो.

"या. आन् येताना त्यास्नी घिऊन या."

माझ्या ड्रॉवरमध्ये एक कोरं कार्ड असतं. दुपारी तो जेवायला गेला की कधीकधी मी ते तपासणीच्या डब्यात घालतो आणि बटण दाबतो. पडदा लगेच उजळतो, तेवढा त्याचा भाग. मग थोडं थांबावं लागतं. मग माझं वाक्य येतं.